मांडीतला दम

सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावी रोवणी सुरू झाली की पासष्ट-सत्तरीच्या बायाही बांधीत उतरतात. पोटरीभर चिखल, वाकलेली कंबर, हातात पऱ्ह्यांची जुडी. माझी मोठमाय जन्मभर अशीच राबली. उन्हाळ्यात मोहफुलं वेचली, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले, जंगलातून मोळ्या आणल्या. तरी आता खाटेवरून उठताना तिला हात टेकावा लागतो. "मांडीत दम नाही राहिला गा," ती म्हणते. ओझं उचलून शरीर कमावता येतं असं आपण मानतो. मग इतकी ओझी वाहिलेली मांडी रिकामी का व्हावी, हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता.

तालमीतल्या वस्तादांकडे याचं अर्धं उत्तर होतं. जोर-बैठकांइतकाच मान तिथे खुराकाला, मालिशीला आणि झोपेला असे. पण हा हिशेब उमेदीच्या पठ्ठ्यांचा. वय उतरलं की पहिलवान आखाड्याच्या काठावर बसून शिकवू लागे.

डॉक्टरांचं शास्त्रही बराच काळ तरुणांपाशीच थांबलं होतं. अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी 1945 मध्ये टप्प्याटप्प्याने वजन वाढवत जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करण्याची पद्धत मांडली. वृद्धांबद्दलचं मत मात्र 1980 च्या एका प्रयोगाने आणखी पक्कं केलं. आठ आठवड्यांच्या व्यायामाने तरुणांचे स्नायू वाढले. सत्तरीच्या पुरुषांची ताकद वाढली, पण ती मुख्यतः मज्जातंतूंनी आहे त्याच स्नायूंना जास्त कामाला लावल्यामुळे. म्हातारा स्नायू वाढत नाही, असा निष्कर्ष लोकांनी त्यातून काढला.

तो फार दिवस टिकला नाही. 1988 मध्ये वॉल्टर फ्राँटेरा आणि सहकाऱ्यांनी 60 ते 72 वयाच्या पुरुषांना त्यांच्या कमाल ताकदीच्या 80 टक्के वजन उचलायला लावलं, आणि बारा आठवड्यांत मांडीच्या स्नायूंचं क्षेत्रफळ साधारण 11 टक्क्यांनी वाढलं. पुढच्याच वर्षी अर्विन रोझेनबर्ग यांनी वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. मला स्वतःला सर्वांत हलवून गेला तो 1990 चा प्रयोग. बोस्टनच्या वृद्धाश्रमातली 86 ते 96 वयाची दहा माणसं. मारिया फियाटारोन यांनी त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायूही भरला. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो, हे त्या दिवसापासून नाकारता येत नाही.

मग प्रश्न वजनाकडून त्यानंतरच्या तासांकडे सरकला. वजन उचलणं हा फक्त निरोप असतो. स्नायू बांधला जातो नंतर, अन्नातल्या प्रथिनांतून. म्हाताऱ्या स्नायूला तोच निरोप कमी ऐकू येतो आणि प्रथिनंही एकावेळी जास्त लागतात. 2015 मध्ये मांडलेल्या एका हिशेबानुसार तरुणाला एका जेवणात किलोमागे साधारण 0.24 ग्रॅम पुरतात, वृद्धाला 0.40. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला एका बसणीत वीस ग्रॅम. वरणाच्या वाटीतून फार तर सहा-सात मिळतात.

दुरुस्ती करणाऱ्या पेशींचीही गोष्ट अशीच आहे. स्नायूतंतूला चिकटून बसणाऱ्या या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. वयाबरोबर त्या घटतात आणि सुस्तावतात. पण 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदराचा रक्तप्रवाह तरुण उंदराशी जोडला, तेव्हा म्हाताऱ्या स्नायूची दुरुस्ती पुन्हा जोमाने होऊ लागली. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. तरी दोष एकट्या स्नायूचा नाही, त्याच्या भोवतालाचाही आहे, हे त्यातून दिसलं.

मोठमायचं कोडं मला इथे उलगडू लागलं. रोवणी म्हणजे हलक्या ओझ्याची हजारदा केलेली तीच हालचाल. तिने चिवटपणा येतो आणि पाठ झिजते, पण मांडीला वाढण्याचा निरोप क्वचितच जातो. त्यात खाडा म्हणजे मजुरी बुडणं, म्हणून आज दमलेलं अंग उद्या पुन्हा चिखलात. ताटात भाताचा ढीग आणि पातळ वरण. प्रौढांसाठी आपल्याकडे किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, वृद्धांसाठी तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात, आणि मालगुजारी तलावाची मासोळी रोज मिळत नाही. चंद्रपूरच्या जिममध्ये मी पन्नाशीत वजनं उचलू लागलो, तेव्हा मला एक दिवसाआड विश्रांती आणि सकाळी तीन अंडी मिळत होती. वजन माझंही जड होतं, पण सावरायला लागणारं सगळं माझ्या बाजूला होतं. मोठमायला ते कधीच मिळालं नाही, आणि याचा मला राग येतो.

वर तापाची भर. 2007 मधल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मलेरियाने दहा दिवस आडवं पडणं नवलाचं नाही. ताप उतरतो, हिशेबात गोळ्या लिहिल्या जातात. गेलेल्या मांसाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मोठमाय तापाने पडली. उठल्यावर आम्ही तिला खुर्चीवरून उठ-बस करायला लावलं, आधी हात टेकून. मग हातात अर्धी भरलेली छोटी घागर, आठवडाभराने थोडं जास्त पाणी. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचा. सुट्टीच्या दिवशी तिला अपराधी वाटे, झाडू हातात घेई. सकाळी अंडं, रात्री मिळाली तर मासोळी, नाहीतर घट्ट वरण. तिसऱ्या महिन्यात एकदा ती हात न टेकता उठली. उभी राहून आमच्याकडे बघितलं, पुन्हा बसली. दुसऱ्या खेपेला मात्र हात टेकला.