विद्येची गोडी कशाने लागते?

मुलांनी शाळेत मन लावून शिकावे असे कोणत्या आईबापांस वाटत नाही? परंतु ते मन लागते कशाने, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. छडीने लागते, असे वाडवडील म्हणत; बक्षिसाने लागते, असे आता पुष्कळ जण म्हणतात. छडीस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली, हे योग्यच झाले. बक्षिसाविषयी मात्र थोडे मनन केले पाहिजे.

कापसाच्या वेचणीत हात कमी पडत असताही जे आईबाप मुलांस शाळेत धाडितात, त्यांनी पुढे नोकरीची आशा धरिली तर त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. पण नोकरी हेच शिकण्याचे एकमेव कारण, असे मुलाच्या मनात ठसले, तर नोकरी न मिळताच तो विद्येलाच बोल लावील. चारा दाखवून चालविलेला बैल चारा दिसेनासा होताच थांबतो. बक्षीस मुलास शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणते. आत नेणारे काही निराळेच असते.

ते काय, हे आपल्या खानदेशातच पाहावयास सापडते. अमळनेर येथील प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहाचा भारही त्यांजकडे होता. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. अशा शिक्षकाचा शब्द धाकावाचून ऐकावासा वाटतो.

येथे कोणी विचारील, "ममता हेही एक आमिषच नव्हे काय? गुरुजींसाठी शिकणारा मुलगा गुरुजी गेल्यावर काय करील?" प्रश्न खरा आहे. १९३० साली सत्याग्रहासाठी गुरुजींनी शाळा सोडलीच. ह्याचे उत्तर आम्हांस धुळ्याच्या तुरुंगात सापडते. तेथे १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे ह्यांनी सोबतच्या बंदिवानांपुढे भगवद्गीतेवर प्रवचने केली. अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणारांस ना परीक्षा होती, ना गुण, ना प्रमाणपत्र. आणि ती प्रवचने लिहून घेणारा कोण? तोच अमळनेरचा शिक्षक. एम. ए. झालेला हा मनुष्य तेथे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला होता.

आमच्या मते सारे मर्म येथे आहे. ज्यास स्वतःला तहान आहे, तोच दुसऱ्यास तहान लावू शकतो. ममता मुलास गुरूजवळ आणते. पण गुरू स्वतः शिकत आहे, हे पाहून मुलाच्या ठायी जी जिज्ञासा उपजते, ती गुरू गेल्यावरही त्याची स्वतःची राहते. ज्याने शिकणे सोडले, त्याने कितीही बक्षिसे वाटली तरी ही तहान त्याला वाटता येत नाही.

ती मारणे मात्र फार सोपे आहे. घरी अहिराणी बोलणारे किंवा सातपुड्यातील पावरा वा भिल्ल मूल वर्गात प्रथम तोंड उघडते, तेव्हा त्याच्या बोलीस कोणी हसले, की ते पुन्हा प्रश्न विचारीत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी घरच्या बोलीतच ओव्या रचिल्या, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. हसणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

म्हणून वाचकहो, मूल घरी आले म्हणजे "किती गुण मिळाले?" असे विचारण्याआधी "आज काय नवे कळले? मलाही सांग," असे म्हणून पाहावे. आईबाप निरक्षर असले तरी एवढे त्यांना करता येते. आणि आपल्या शिकण्याचा घरात कोणास उपयोग आहे, हे मुलास त्याच वेळी कळते. ज्यांजकडे शिकविण्याचे काम सोपविले आहे, त्यांनी तर वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न करावा: आपण स्वतः नवे असे काही शेवटचे केव्हा शिकलो?