गावाची हजेरी

शिक्षक हा समाजाचा नेता असतो, हे वाक्य अध्यापक विद्यालयात हमखास भेटतं. त्यावर परीक्षेत उत्तर लिहिणं सोपं. पण आंतरवासितेसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाकलं की विचार करणारी छात्राध्यापिका थबकते. आपण परगावच्या, वयाने लहान, बदली झाली की निघून जाणार. या गावाचं नेतृत्व करणाऱ्या आपण कोण? आणि ज्या समाजाला सोबत घ्यायचं, तो नेमका कोणता? सरपंच, देणगी देणारे बागायतदार, की फाटकाशी पोरगं सोडून मजुरीला पळणारी वस्तीवरची आई?

मला ही शंका फार मोलाची वाटते. जिला ती कधी पडतच नाही, ती शिक्षिका लवकरच चार वजनदार माणसांच्या मताला गावाचं मत समजू लागते.

कायद्याने शिक्षकाला पुढाऱ्याची खुर्ची दिलेलीही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. सूचना काढायची, विषयपत्रिका करायची, इतिवृत्त लिहायचं. लहान शाळेत यातलं बरंचसं काम नव्या शिक्षिकेच्याच गळ्यात पडतं.

कारकुनी वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. बैठक सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवर गेलेल्या बायका आपोआप गळतात. मग रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, कागदावर गणपूर्ती होते. तीच बैठक दिवेलागणीनंतर वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्या. बोलणारी माणसं बदलतात आणि त्यांच्याबरोबर विषयही. भिंतींच्या रंगरंगोटीऐवजी मुलींच्या शौचालयात पाणी का नाही, हे निघतं. व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा ही वेळ आणि जागा ठरवण्यात मला जास्त नेतृत्व दिसतं.

शिक्षिका रोज सकाळी हजेरी घेते. कोण आलं, यापेक्षा कोण आलं नाही आणि का, हे तिला कळावं लागतं. गावाचीही हजेरी तशीच घ्यायला हवी. बीडसारख्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत समितीच्या बैठकीला जे गाव बसतं, ते मागे राहिलेलं गाव. मूल हंगामी वसतिगृहात राहणार, आजीजवळ राहणार की कोयत्यामागे फडावर जाणार, हा ज्यांच्या घरचा प्रश्न, तेच त्या सतरंजीवर नसतात. अशा बैठकीतला ‘सर्वानुमते’ हा शब्द मला तरी खटकतो.

गैरहजर असलेल्यांपासून सुरुवात करण्याची ही रीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. दोघीही त्या गावच्या नव्हत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा आईबापांना दोष न देता त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांना दिसलं की, थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. प्रत्येक वेळी सुरुवात न आलेल्या मुलापासून झाली. परकेपणाचा इथे फायदाच झाला असावा, असं मला वाटतं. गावाला सवयीने जे दिसेनासं होतं, ते बाहेरून आलेल्या बाईंना दिसतं.

हे निभावणं सोपं नाही. बैठकीची वेळ बदलली की कुणाचा तरी मान दुखावतो, आणि एकटी शिक्षिका त्यात होरपळू शकते. म्हणून केंद्रप्रमुखांनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभं राहायलाच हवं.

यंदा रुजू होणाऱ्या शिक्षिकांना एकच विनंती. दिवाळीच्या सुट्टीआधी तोडीला निघणाऱ्या प्रत्येक पालकाचा फोन नंबर लिहून घ्या, आणि हंगामातल्या बैठकीत त्यांच्या मुलांचा विषय निघाला की ठराव लिहिण्याआधी त्यांना फोन लावा.