सहावी खासदार

सामोआच्या संसदेत किमान दहा टक्के स्त्रिया असाव्यात, अशी घटनादुरुस्ती २०१३ साली झाली. कमी निवडून आल्या, तर हरलेल्यांपैकी चांगली मतं मिळवलेल्या स्त्रीला जादा जागा देऊन आत घ्यायचं. तिथे निवडणूक लढवायला 'मताई', म्हणजे कुळाचा किताबधारी प्रमुख, असावं लागतं आणि मताई बहुतेक पुरुष. तेव्हा तरतूद हवीच होती. ती झाली तेव्हा फियामे नाओमी मताआफा मंत्री होत्या. १९८५पासून खासदार, देशाच्या पहिल्या स्त्री-मंत्री.

जमीन आणि किताबांविषयीची विधेयकं पटली नाहीत म्हणून २०२०मध्ये त्यांनी उपपंतप्रधानपद सोडलं. एप्रिल २०२१च्या निवडणुकीत ५१ जागांपैकी त्यांच्या 'फास्ट' पक्षाला २५, बावीस वर्षं पंतप्रधान असलेल्या तुइलाएपांच्या पक्षाला २५ आणि एक अपक्ष. अपक्ष फियामेंकडे गेला. पण त्याच सुमारास निवडणूक आयुक्तांनी हिशेब मांडला: ५१चे दहा टक्के ५.१, निवडून आलेल्या स्त्रिया पाच. म्हणजे सहावी हवी. ती नेमली गेली तुइलाएपांच्या पक्षाची. सव्वीस-सव्वीस!

बातमी वाचून मी चिडलो होतो. स्त्रियांसाठीचा कायदा वापरून पहिल्या स्त्री-पंतप्रधानाची वाट अडवायची, हा निर्लज्जपणाच. पण मग फियामेंचा पक्ष न्यायालयात काय म्हणत होता? पाच स्त्रिया पुरेत. तिथे मी अडखळलो. माणसाचा हेतू खोटा असला, म्हणून त्याचं गणितही खोटं ठरतं का?

अपील न्यायालयानं दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. आकडा सहाच, मात्र निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका आटोपल्यावर मोजायचा. नेमणूक रद्द. त्याआधी, २४ मे रोजी, संसदेला कुलूप असल्यामुळे फियामेंनी आवारातल्या तंबूत शपथ घेतली होती. जुलैत न्यायालयानं तीही ग्राह्य धरली.

तंबूचं चित्र जगभर गेलं. पुढचं फारसं कुणी पाहिलं नाही. पोटनिवडणुकांनंतर दोन स्त्रिया जादा जागांवर नेमल्या गेल्या, दोघीही विरोधी पक्षाच्या. आता कायदा फियामेंच्या बाजूला बोचत होता. सभापतींनी त्यांना शपथ दिली नाही. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि २०२२ साली दोघी सभागृहात बसल्या. त्यांतली एक तीच, एप्रिल २०२१मधली सहावी.