केडगावची उपासना

आज रविवार. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे आपल्या पंचहौद चर्चमध्ये, उपासना होईल. गीतं, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रवचन, प्रभुभोजन. ख्रिस्ती माणसाची उपासना एवढीच का, असं कुणी विचारलं की मला पंडिता रमाबाई आठवतात.

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो उपाशी मुली आणि विधवा त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती सदन आश्रमात प्रार्थना होई आणि शेत, माग, छापखानाही चाले. येशूनं विहिरीवर शोमरोनी बाईला सांगितलं होतं, की खरी उपासना या डोंगरात किंवा त्या नगरात अडकलेली नसते. आत्मा आणि सत्य हेच तिचं ठिकाण. पौलानं तर माणसाचा अख्खा देहच जिवंत अर्पण मानला. केडगावात या दोन्ही गोष्टी रोजच्या कामात उतरल्या.

रमाबाईंनी शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. संस्कृतच्या या पंडितेनं त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, पण मराठी मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या बाईला कळावी म्हणून. विद्वत्ता अशी झाकून ठेवायला किती प्रेम लागत असेल! मला हे त्यांचं सर्वांत मोठं अर्पण वाटतं. आणि छपाईचे खिळे जुळवायला बसल्या आश्रमातल्याच बायका, ज्यांच्या हाती एरवी कधी पाटीही पडली नसती.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं. ग्रंथ 1924मध्ये छापून आला.