क्रुसावरील पाणी

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. कोणी उल्का म्हटले, कोणी उडती तबकडी. आमच्या उमरेडशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, लाडबोरी गावी, धातूचे प्रचंड कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले.

उडत्या तबकडीवर पाणी सोडणे आम्हा कॅथलिकांस जड जात नाही. खरी कसोटी लागते ती आपल्या क्रुसापाशी. मुंबईत इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चजवळ २०१२ साली क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते श्रद्धेने गोळा केले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितले, की तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा, वातीत तेल चढावे तसा, भिंतीतून चढत आहे. काही कॅथलिक संघटनांनी पोलिसांत तक्रारी केल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

त्यांची भाषा कित्येकांस झोंबली असेल. तथापि पाणी कोठून येते हा प्रश्न प्लंबरला विचारावयाचा होता, फौजदाराला नव्हे! लूर्द येथे रोगमुक्तीचे दावे तपासणारे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे, आणि तेथे नास्तिक डॉक्टरासही मज्जाव नाही.

“फादर, पोरीला बाहेरची बाधा झाली, पाणी मंतरून द्या,” म्हणत आजही माणसे आमच्या दारी येतात. आम्ही प्रार्थना करतो, आणि नागपूरला मनोविकारतज्ज्ञास दाखवा म्हणून चिठ्ठी देतो. चिठ्ठी हाती पडताच कित्येकांचा चेहरा उतरतो. फादरांचाच विश्वास कमी पडला, असे त्यांना वाटते.