दुखवट्यातला वाद

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. केंद्र सरकारने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, पण लोकांचा दुखवटा तेवढाही शांततेत पार पडला नाही. शिवाजी पार्कवर शाहरुख खानने दुवा मागून मारलेली फुंकर काहींना थुंकी वाटली. मग स्मारक तिथेच व्हावे की मैदान पोरांना खेळायला मोकळे राहावे, यावरून जुंपली. इकडे खान्देशात थाळनेरची आठवण निघाली. लताबाईंच्या आईचे माहेर तापीकाठच्या या गावातले, म्हणजे त्या नात्याने आपली भाचीच की! भडगावसारख्या तालुक्याच्या गावी अशा वेळी चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो आणि गेलेल्याच्या फोटोखाली इच्छुकांच्या फोटोंची रांग असते. त्याला कोणी हरकत घेत नाही. वादाला मात्र लगेच घेतात: माणूस गेलंय, आता तरी थांबा. मला वाटते, सार्वजनिक शोकात खरे काम कोणी करत असेल तर तो हा वादच. मात्र तो गेलेल्याच्या कामाविषयी असला पाहिजे.

आपल्याकडे हा शोक नेहमीच असा नव्हता. धरणगावात जन्मलेले बालकवी ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. हळहळले ते मुख्यतः त्यांच्या कविता वाचणारे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या तेव्हा तर बाहेरच्या जगाला त्या ठाऊकच नव्हत्या; पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले आणि महाराष्ट्राला एक कवयित्री होती आणि ती गेली, या दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. त्यामुळे त्यांच्या वाट्याला शोकाऐवजी चर्चा आली. त्यातला एक वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्या कवितांची बोली अहिराणी की लेवा गणबोली? भडगाव-पाचोऱ्याकडचा अहिराणी बोलणारा एक सांगेल, यावल-भुसावळकडचा लेवा दुसरेच सांगेल. बोलीचे रूप पाहता पारडे लेवा गणबोलीकडे झुकते, असे माझे मत. पण ते ठरवायला दोघांनाही ओळी पुन्हा उघडून क्रियापदे तपासावी लागतात. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले, हे चांगलेच झाले. त्या पाटीने मात्र कोणाला कविता उघडायला लावलेली नाही.

शोकात वाद घालण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप जुना आहे. मरणाबरोबर वैर संपते, हा दंडक रामायणाने घालून दिला आणि आपण तो मानतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तुटून पडणाऱ्या अत्र्यांनीही १९६४ मध्ये ते गेल्यावर ‘मराठा’त ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली. तिच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, बघा, एवढा भांडखोर माणूसही मृत्यूपुढे नमला. माझ्या लेखी ती श्रद्धांजली जड होते ती आधीच्या भांडणामुळेच. एरवी गोड बोलणाऱ्याचे चार गोड शब्द कोण मोजतो? शिवाय वैर संपणे आणि मूल्यमापन थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांचे सुतक घरच्यांचे असते. ते श्रोत्यांना लागत नाही.

स्मिता पाटील यांच्याबाबत तर मूल्यमापन टळलेच. मूळच्या शिरपूरच्या घराण्यातली ही अभिनेत्री १३ डिसेंबर १९८६ रोजी एकतिसाव्या वर्षी गेली, आणि खान्देशाने ती आपली म्हणून कायमची जवळ केली. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर प्रदर्शित झाला. पण ‘भूमिका’, ‘चक्र’ असले समांतर चित्रपट तालुक्याच्या टॉकीजमध्ये यायचेच क्वचित. तिथल्या प्रेक्षकाची स्मिता पुष्कळदा ‘नमक हलाल’मधली. आज ‘तशी नटी पुन्हा नाही’ असा उसासा टाकला जातो, त्यात ‘उंबरठा’ पाहिलेले किती आणि न पाहिलेले किती, हे कोणी विचारत नाही. जुन्या काळाच्या हळव्या आठवणीत हीच सोय आहे: तिला पुरावा लागत नाही. संगीत नाटकाचे रसिक बोलपटाला नावे ठेवत होते, बोलपटवाले दूरदर्शनला. दर पिढीचा उसासा तोच, फक्त नावे बदलतात. ‘कोणती स्मिता मोठी’ असा वाद कोणी नेटाने घातला, तर निदान चित्रपट तरी पाहावे लागतील.

प्रत्येक वाद या कामाचा असतो, असे मात्र नाही. फुंकरीच्या वादात लताबाई कुठेच नव्हत्या. दर्ग्यात लेकराला फुंकर मारून घेणाऱ्या आया, त्यांत हिंदूही, गावोगाव दिसतात; ज्यांना ती थुंकी वाटली त्यांना गाण्याशी देणेघेणे नव्हते. लताबाईंविषयी भांडायचे तर विषय भरपूर होते. साठच्या दशकात त्यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, मोहम्मद रफींना ते पटले नाही आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. यात न्याय कोणाच्या बाजूला होता? त्यांच्या वर्चस्वाच्या काळात इतर गायिकांना किती जागा उरली? सुमन कल्याणपूर यांचा आवाज रेडिओवर ऐकून तो लताबाईंचाच समजणारे श्रोते पुष्कळ होते. सुमनताईंना पद्मभूषण मिळाला तो २०२३ मध्ये, लताबाई गेल्यानंतरच्या वर्षी.