दीड लिटर काळे तेल

माझ्या भाच्याकडे केटीएम आरसी २०० ही मोटारसायकल आहे. पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली, बसणाऱ्याला टाकीवर ओणवे व्हायला लावणारी. उज्जैनच्या जुन्या गल्ल्यांत तिला तिसऱ्या गिअरच्या पुढे नेण्याची सोय नाही; पण तारुण्याला सोयीशी कर्तव्य नसते. गेल्या हिवाळ्यात तिचे ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचे त्याने ठरवले आणि मदतीला मला बोलावले. मदत म्हणजे विजेरी धरणे. काम तासाभरात आटोपले. त्यातून निघालेला प्रश्न मात्र आटोपला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

काम पाहण्यासारखे असते. आधी इंजिन पाचएक मिनिटे चालवून कोमट करतात, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाशी बसू पाहणारा मळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. पोटाखालचे प्लास्टिकचे कवच सोडवून, खाली पसरट तसराळे ठेवून बोल्ट काढला की तेलाची जाड धार लागते. या बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर सहाणेवर उगाळलेल्या गंधासारखा करडा लेप साचलेला होता. तो लेप म्हणजे दातेरी चाकांची आणि इतर पोलादी भागांची झीज. मोटारसायकलीत बहुधा एकच तेल इंजिनाला, गिअरना आणि क्लचलाही पुरते, त्यामुळे त्याच्यावर कामाचा बोजा मोटारीतल्या तेलाहून अधिक. मग चुण्या घातलेल्या कागदाचा फिल्टर काढायचा, नवा बसवायचा, बोल्टाखाली नवे वायसर घालायचे आणि सुमारे दीड लिटर मधाळ रंगाचे नवे तेल ओतायचे.

फिल्टरविषयी भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. फिल्टर अगदीच तुंबला तर बहुतेक इंजिनांत एक झडप आपोआप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाऊ देते. कोरड्या इंजिनापेक्षा मळक्या तेलाचे इंजिन बरे, एवढाच त्यामागचा विचार. तेल काळे का होते, याचेही उत्तर मला त्या दिवशी मिळाले. त्यात मिसळलेली द्रव्ये काजळी धरून ठेवतात, ती धातूवर बसू देत नाहीत. तेव्हा काळे पडलेले तेल बिघडलेले असतेच असे नाही. इंजिनाचा मळ त्याने अंगावर घेतलेला असतो.

आता तसराळ्यात ते दीड लिटर काळे तेल होते आणि भाचा हात पुसत उभा होता.

“मामा, मागच्या नालीत ओतून देऊ?”

आमच्या उज्जैनी मराठीत गटाराला नालीच म्हणतात. मी नको म्हणालो, आणि म्हणताक्षणीच ओशाळलो. माझ्या तरुणपणी माझ्याकडे बुलेट होती. तिचे तेल मी याच नालीत, याच दगडावर उभे राहून वर्षानुवर्षे ओतले आहे. ती नाली उताराने जाते, आणि आमच्या भागातला उतार कुठे जातो हे सांगायला नको. तेल ओतून मी वर बादलीभर पाणीही सोडत असे, म्हणजे अंगण स्वच्छ! सिंहस्थ १९८० चा असो की १९९२ चा, पर्वणीच्या पहाटे रामघाटावर क्षिप्रेत डुबकी मारून कृतकृत्य होणाराही मीच होतो. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ कधी पडली नाही.

भाच्याचा युक्तिवाद सरळ होता. इंदूरचे सांडपाणी घेऊन कान्ह नदी त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. त्या प्रवाहापुढे आपल्या दीड लिटरची मातब्बरी काय? आपण ते ओतले नाही म्हणून नदी शुद्ध होणार नाही, ओतले म्हणून अधिक काळी होणार नाही. मग न ओतण्याने साधते काय, तर आपल्या मनाचे समाधान. तो एक प्रकारचा अहंकारच नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. गणित त्याच्या बाजूने आहे, आणि सदाचाराच्या पोटात बरेचदा अहंकार लपलेला असतो हेही खरे.

परंतु मला सिंहस्थ आठवला. तेथे कोट्यवधी माणसे स्नान करतात. त्या गर्दीत आपली डुबकी मोजली जाणार नाही, असे कोणाच्या मनात येते काय? उलट प्रत्येकाची ठाम श्रद्धा असते की आपली ती एक डुबकी, तीन क्षणांची, नाव-गोत्रासह कुठेतरी नोंदली गेली. तोच माणूस घरी येऊन नालीशी उभा राहिला की म्हणतो, एवढ्या लोकांत माझ्या लिटरभराचे काय! पुण्याच्या हिशेबात आपण एकेकटे असतो आणि पापाच्या हिशेबात गर्दी होतो. गणित कोणतेही चालेल, पण घाटावर एक आणि नालीपाशी दुसरे, हे कसे चालावे? थेंबाला किंमत नसेल तर डुबकीलाही नाही. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “मी कुठे डुबकी मारतो, मामा?” त्याच्यापुरता तो सुसंगत आहे. विसंगती माझी होती.

तसे पाहिले तर उरलेल्या वस्तूचे काय करावे, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वाहिलेल्या फुलांना आपण कचरा म्हणत नाही, निर्माल्य म्हणतो. विसर्जनाशिवाय पूजा पुरी होत नाही. महाकाळाच्या पहाटेच्या आरतीत तर जळून उरलेले भस्मच देवाच्या अंगाला लावतात. उरले-सुरले ते टाकाऊ नव्हे, हे या गावाइतके कोणाला समजावे? पण त्याच गावात इंदूरच्या वाटेवर त्रिवेणीला शनीचे देऊळ आहे. शनिश्चरी अमावास्येला लोक तेथे तेल वाहतात, स्नान करतात आणि अंगावरचे कपडे, पायातल्या चपला तेथेच सोडून मागे न पाहता निघतात. पनवती मागे राहिली, अशी समजूत. दुसऱ्या दिवशी त्या चपलांचे आणि कपड्यांचे ढीग प्रशासनाला उचलावे लागतात. सोडलेली पीडा उचलणाऱ्याच्या अंगाला लागते की नाही, याबद्दल समजूत मौन पाळते. विसर्जनाचा संस्कार आपण जपला, पण त्यातली मागे न पाहण्याची सवय अधिक जपली.

सरकारही आपल्यातलेच. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी पिपलिया राघोपासून मोठ्या नळांत घालून, शहराला वळसा देऊन, कालियादेहच्या पुढे पुन्हा क्षिप्रेत सोडण्याची योजना झाली; २०२८ साठी अधिक मोठे काम हाती घेतले गेले. घाट स्वच्छ राहावेत हा हेतू, आणि भाविकांच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण कालियादेहच्या पुढे गावे नाहीत काय? क्षिप्रा तिथून चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. तुंबलेल्या फिल्टरची ती झडप मला येथे आठवते. फरक इतकाच, की इंजिनातली झडप अडचणीपुरती उघडते, आपली उघडीच आहे.

वास्तविक हे तेल मरत नाही. मूळ तेल झिजत नसते. ते मळते, आणि त्यात घातलेली द्रव्ये तेवढी खर्ची पडतात. ऊर्ध्वपातन करून आणि गाळून ते पुन्हा नव्यासारखे करता येते. ते घातक टाकाऊ पदार्थांत मोडते, आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. हे वाचून भाच्याला आनंद झाला. “म्हणजे जबाबदारी कंपनीची!” मला मात्र खात्री वाटेना. कायदा जबाबदारीला धनी मिळवून देतो हे चांगलेच. पण धनी मिळाला की बाकीचे मोकळे होतात. आणि कंपनीचा माणूस काही आमच्या अंगणात येऊन तसराळे उचलणार नव्हता. मधले अंतर कोणी तरी चालायचे होते.

ते तेल आम्ही नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात, आणि उरलेले एका बाटलीत भरले. जुना फिल्टर रात्रभर निथळत ठेवला. पंधरा दिवस डबा जिन्याखाली होता. येता-जाता तो दिसे आणि घरातली मंडळी विचारत, हे अजून येथे का? आजवर अशा वस्तू आमच्या घरात कधी दिसल्याच नव्हत्या. दिसेनाशा होणे हाच त्यांचा गुण होता.

अखेर फ्रीगंजकडच्या एका मेकॅनिकने डबा घ्यायचे कबूल केले. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला मोठे पिंप आहे, त्यात सगळ्यांचे तेल जमते. मी विचारले, भरल्यावर याचे काय होते? तो म्हणाला, “एक आदमी आता है इंदौर से, ले जाता है।” तो त्याचे काय करतो? शुद्ध करतो, की भट्टीत जाळतो, की बांधकामाच्या फळ्यांना फासायला विकतो? मेकॅनिकने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. “पूछूँगा, भाऊसाहब,” तो म्हणाला.

भाच्याने डबा पिंपात उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला आणि झाकण लावून परत आणला. तो आता पुन्हा जिन्याखाली आहे. मोटारसायकल त्यानंतर बरीच धावली आहे. तेल बदलायची वेळ आली, की त्या इंदूरच्या माणसाविषयी विचारायला मीही बरोबर जाणार आहे.